वाटीच्या बुडावरची अक्षरं

मटणाच्या दुकानात येऊन मटण न घेता रक्त मागणारं गिऱ्हाईक त्या खाटकाने आधी पाहिलं नसावं. हिंगोलीच्या बाजारात दुकानांच्या फळ्या नुकत्या उघडत होत्या आणि मी काचेची बाटली घेऊन उभी होते. रक्त गोठू नये म्हणून बाटलीच्या तळाशी प्रयोगशाळेतलं औषध घातलं होतं. त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या कॉलेजच्या ओळखपत्राकडे पाहिलं.

"मॅडम, खून का क्या करोगे?"

"बच्चों को दिखाना है. पानी में डालके."

"पानी में डालने से क्या होता है?"

"फूटता है," मी म्हणाले.

"बराबर," तो म्हणाला. लहान लेकराची समजूत घालताना म्हणतात तसं म्हणाला, पण बाटली मात्र भरून दिली. मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि जवळजवळ पळतच कॉलेज गाठलं.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझ्या स्वभावात दोन खोड्या आहेत. मला राग लवकर येतो आणि आनंद त्याहून लवकर येतो. पेशीचा धडा आला की मला दम धरवत नाही. खडू मोडतात, आवाज चढतो, आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारातून डोकावून जातात.

आदल्या आठवड्यात प्रथिनांच्या पाठवणीचा भाग झाला होता. पेशीत प्रथिनं तयार होतात आणि कुठे जायचं याची खूण ज्याच्या त्याच्या अंगातच असते. कुणी केंद्रकात जातं, कुणी पेशीबाहेर, कुणी पेशीभोवतीच्या पातळ पटलात जाऊन दारासारखं बसतं. पुस्तकातली आकृती पाहून वर्ग पेंगायला लागला तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि गावातली संध्याकाळ सांगितली. पाच घरांची शेरडं एकत्र चरून येतात. कुणाच्या शिंगाला निळा रंग, कुणाच्या पाठीवर गेरूचा पट्टा. वेशीपाशी कळप फुटतो आणि जो तो आपल्या दाराला जातो. एखाद्याचा रंग उडाला की ते भलत्याच दारात ओरडत उभं राहतं, आणि पेशीतले काही आजार नेमके असेच होतात. हट्टा गावाहून येणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं एक शेरडू रोजच शेजारच्या घरात घुसतं." वर्ग हसला, आणि सगळ्यांच्याच डोक्यात शिरलं.

मग मी त्यांना तांबड्या रक्तपेशीची गंमत सांगितली. ही पेशी तयार होताना आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते. प्रथिनं बनवायची आणि खूण पाहून पाठवायची सगळी व्यवस्था त्याबरोबर जाते. पटलात आधी जी दारं बसली, जे पंप बसले, तेवढ्यावर तिने उरलेले दिवस काढायचे. नवं काही मागवायची सोय नाही. भोवतालच्या पाण्यात मीठ बेताचं असेल तर ठीक. ते कमी झालं की पाणी आत शिरतं, पेशी फुगते, आणि पटल ताणायची हद्द संपली की फुटते. हेच परासरण. त्याची व्याख्या सगळ्यांना पाठ होती, पण मला ते घडताना दाखवायचं होतं.

प्रयोग असा. परीक्षानळ्यांच्या दोन रांगा. पहिल्या नळीत रक्ताइतकं खारट पाणी, पुढच्या प्रत्येक नळीत मीठ कमी कमी, शेवटच्या नळीत नुसतं पाणी. एका रांगेत माझं बोट टोचून काढलेले माझ्या रक्ताचे थेंब, दुसऱ्या रांगेत खाटकाने दिलेले शेळीच्या रक्ताचे. नळ्यांच्या मागे वर्तमानपत्राचा कागद उभा केला. पेशी शाबूत असतील तोवर पाणी गढूळ राहतं आणि मागची अक्षरं दिसत नाहीत. पेशी फुटल्या की आतला रंग पाण्यात उतरतो, पाणी लाल पण आरपार स्वच्छ होतं, आणि अक्षरं दिसायला लागतात.

मधल्या नळीपाशी आल्यावर मी टेबलावर हात आपटला. माझ्या रक्ताची नळी अजून गढूळ होती, आणि तेवढ्याच खारट पाण्यातली शेळीच्या रक्ताची नळी स्वच्छ झाली होती. माणसाची तांबडी पेशी चपटी, मधे खळगा असलेली. पाणी आत आलं तर आधी खळगा भरतो. शेळीची पेशी अगदी बारीक, तिला फुगायला जागाच कमी, म्हणून ती लवकर फुटते. हे मी वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते. हट्ट्याच्या मुलीने वाकून शेळीच्या नळीतून मोठ्याने वाचलं, "हळदीची आवक वाढली." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या वाजवता वाजवता माझं लक्ष त्या रंगावर गेलं आणि माझे हात थांबले. लाल, पण स्वच्छ. त्यातून वाचता येईल असा लाल. हा रंग मी आधी पाहिला होता. काकूच्या वाटीत.

त्यासाठी नऊ वर्षं मागे जावं लागेल. आमचं गाव शिरड शहापूरकडचं, लहान. आमची आणि काकूची घरं एका भिंतीची, आणि शेरडांचा गोठा दोन्ही घरांत मिळून एक. आई शेरडं चारायला न्यायची आणि काकू घरी करडं सांभाळायची. करडांच्या बाबतीत काकूचा हात पंचक्रोशीत नावाजलेला होता. शेळी अडली की माणसं तिलाच बोलवायला यायची. पोटात आडवं पडलेलं करडू ती बोटांनी चाचपून सरळ करायची, आणि मग घाम पुसत चहा मागायची.

आमच्याकडे एक रीत होती. दुधावरच्या करडाला पाणी दाखवायचं नाही, पोट फुगतं म्हणायचे. दुसरी रीत सोमवारची. त्या दिवशी लिंबाखालच्या सपाट दगडांवर खडे मीठ टाकायचं आणि पाचही घरांची शेरडं ते चाटायला यायची. त्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन वसतिगृहातून घरी आले होते. सोमवार होता. मीठ चाटून मोठी शेरडं रानात गेली, काकू विहिरीवर धुणं घेऊन गेली, आणि मागे राहिलेली सात करडं गोठ्यातून सुटून ते दगड चाटत होती. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. शेळ्यांना दूध आधीच कमी उतरत होतं. करडं माझी बोटं चोखायला लागली. मला त्यांची दया आली. मी पाण्याची बादली भरून त्यांच्यापुढे ठेवली. ती अशी तुटून पडली की पाहून मला रडू आलं. बादली रिकामी झाली तशी मी दुसरी भरली. मग करडं गोठ्यात कोंडली, बादली जागेवर ठेवली आणि पुस्तक घेऊन बसले.

दुपारनंतर करडं झिंगायला लागली. त्यांना तांबडी लघवी झाली. आई रानातून येईपर्यंत दोन करडं गेली होती. आईने सगळ्यांना विचारलं, "कोनी काही खाऊ घातलं का करडांना?" मी नाही म्हणाले. खायला मी काही घातलंच नव्हतं. रीत मोडली म्हणून बोलणी बसतील, एवढीच भीती मनात होती. पाण्याने कुणी मरत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

मग आईची नजर काकूच्या दारातल्या कण्हेरीवर गेली. "कन्हेर खाल्ली लेकरांनी," ती म्हणाली. "दारात इख लावून बसली, आन् करडं सोडून गेली धुन्याला."

काकू आत गेली. हाताला आली ती स्टीलची वाटी घेऊन आली. लग्नात माहेरून मिळालेली, बुडाला आतून तिचं नाव कोरलेलं. जिवंत असलेल्या एका करडाची लघवी तिने त्या वाटीत धरली आणि लिंबाखाली जमलेल्या बायांपुढे ठेवली.

"ह्ये रगत न्हाई," ती म्हणाली. "रगत असतं तर बुडाला बसलं असतं. किती येळ झाला, बसंना. आन् बुडाची अक्षरं दिसून राहिली. बघा की कोनीतरी."

कुणी पाहिलं नाही. आई म्हणाली, "करडं मारून वाटी दाखवून राहिली." त्या एका वाक्याने काकूचं सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी तिने कण्हेर बुडापासून तोडली. उरलेली पाच करडं चार दिवसांत उड्या मारायला लागली, पण काकू पुन्हा गोठ्यात आली नाही. अडलेल्या शेळीसाठी तिला बोलवायला येणंही हळूहळू बंद झालं. तिच्या हाताला दोष लागला, असं बाया म्हणायच्या. आईने तिचं नाव घेणं सोडलं. बोलायची वेळ आलीच तर "पलीकडची" म्हणायची.

आणि मी त्याच वर्षी परासरणाच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

वर्ग सुटल्यावर मी त्या नळ्यांसमोर बराच वेळ बसले. स्वतःची लाज वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, अंगावर रोमांचही होते. मीठ चाटलेली, तहानेने सुकलेली सात अंगं. त्यात एकदम दोन बादल्या पाणी. लघवीवाटे बाहेर टाकायला वेळच नाही. रक्त पातळ होतं, इवल्या पेशी फुगतात, फुटतात, त्यांचा रंग लघवीत उतरतो. पेशीच फुटल्या, तर बुडाला बसणार काय? म्हणून अक्षरं दिसत होती. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईने नऊ वर्षांपूर्वी जे बरोबर पाहिलं होतं, ते मला दोन रांगा नळ्या मांडल्यावर कळलं.

तरी खात्री करावी म्हणून जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "आज तपासायला काही हातात नाही, त्यामुळे शपथ घेऊन सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण तहानलेल्या करडांना एकदम पाणी पाजलं की असंच होतं. कण्हेरीचं विष हृदयावर जातं, असा रंग देत नाही. पाणी रोज थोडं थोडं द्यायचं, तहान साठूच द्यायची नाही."

त्याच संध्याकाळच्या एसटीने मी गावी गेले. घरी न जाता सरळ काकूच्या दारात गेले. ती चुलीपुढे भाकरी करत होती. मी उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. बादली, दुसरी बादली, आणि मी दिलेलं ते "नाही". तिने तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. मग विचारलं, "दोन बादल्या?"

"दोन."

"आन् तू तवा काहून बोलली न्हाईस?"

मी रडायला लागले. तिने मला जवळ वगैरे घेतलं नाही. उलट तिला राग आला, आणि तो येणारच होता. नऊ वर्षं तिने दुसऱ्यांच्या रानात हळद काढली होती. शेजारच्या गोठ्यात शेळी अडून ओरडायची तेव्हा ती कानावर पदर घेऊन बसायची, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं.

"मला एकटीला सांगून काय करू मी त्याचं?" ती म्हणाली. "मला तर ठावंच व्हतं, माझ्या हातानं काही झालं न्हाई. ज्यांनी तवा पाहिलं न्हाई त्यांना दाखव. सोमवारी मिठाला समद्या येतात."

भिंतीपलीकडे आई होती. तिने ऐकलं होतं, कारण मी घरात गेले तेव्हा तिने मला काहीच विचारलं नाही. ताट वाढलं आणि पाठ फिरवून बसली.

रविवारी पुन्हा खाटकाकडे गेले. त्याने मला लांबूनच ओळखलं.

"फूटा क्या?"

"फूटा," मी म्हणाले.

"मैंने घर में बताया. कोई मानता नहीं." त्याने या वेळी बाटली काठोकाठ भरली. ती बर्फाच्या डब्यात घालून मी गावी नेली. सोबत प्रयोगशाळेत मोजून केलेलं मिठाचं पाणी होतं.

सोमवारी सकाळी लिंबाखाली शेरडं मीठ चाटत होती आणि पाच घरांतल्या बाया उभ्या होत्या. वर्गात साठ मुलांपुढे न अडखळणारी मी तिथे अडखळले. आधी बादलीचं सांगितलं, कारण ते आधी सांगितलं नसतं तर पुढे हिंमत झाली नसती. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "पान्यानं कुटं मरतंय व्हय? शिकून राहिली का येडी झाली?"

"म्हणूनच दाखवते," मी म्हणाले. एकदा दाखवायला सुरुवात केली की माझी भीती पळते, तशी ती पळाली.

काकूने ती वाटी आणली. नऊ वर्षं स्वयंपाकघराबाहेर, वळचणीला पडलेली. तिने ती राखेने घासून लख्ख केली होती. मी शेजारी तसलीच आमच्या घरची नाव कोरलेली वाटी ठेवली. आमच्या वाटीत मिठाचं पाणी, काकूच्या वाटीत विहिरीचं. दोन्हींत सारखंच रक्त घातलं आणि काडीने ढवळलं. आमच्या वाटीतलं पाणी गढूळ तांबडं झालं, बूड दिसेना. काकूच्या वाटीतलं आधी गढूळ वाटलं, मग बघता बघता निवळलं. बाया पुढे सरकल्या. म्हातारीने पदर सावरत मान वाटीवर आणली.

"अक्षरं दिसून राहिली," ती म्हणाली. "काय लिव्हलंय?"

तिथल्या बायांत वाचता येणारी एकटी आई होती. प्रौढांच्या वर्गात चार महिने जाऊन ती अक्षर जोडायला शिकली होती. ती इतका वेळ सगळ्यांच्या मागे, शेळीच्या गळ्यातली दोरी धरून उभी होती. म्हातारीने तिला पुढे ओढलं. आई वाकली. तिने वाटीवर बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. मग काकूचं नाव मोठ्याने वाचलं. सगळं वाचलं, वडिलांच्या नावासकट. नऊ वर्षांत पहिल्यांदा. वाचून झाल्यावरही ती वाकलेलीच राहिली, आणि वाटीकडे पाहतच म्हणाली, "तवाच पाहाया पायजे व्हतं मी. चुकलं माझं."

काकूने ती वाटी उचलली, पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि वाटी कमरेला खोचली. मला वाटलं, ती आता घरात निघून जाईल.

म्हातारी मात्र हलेना. "माझी पांढरी शेळी रात्रीपून कन्हून राहिली," ती काकूला म्हणाली. "पिल्लू येईना. मी सांगनार नव्हते कोनाला. येतीस का?"

काकूने क्षणभर आपल्या हातांकडे पाहिलं. मग बाह्या वर सारल्या. आई लगबगीने गोठ्यातून तेलाची वाटी घेऊन आली आणि तिच्या हातात दिली. दोघी जावा पुढे, म्हातारी त्यांच्या मागे, अशा चालायला लागल्या. मलाही राहवेना. काहीतरी करावं म्हणून मी गोठ्याच्या दाराशेजारची बादली उचलली आणि धावत त्यांच्यामागे गेले.

काकूने मागे वळून पाहिलं. माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे.

"चल," ती म्हणाली. "बादली ठेव तिथंच."